पिशवी गढूळ झाली तेव्हा

पिशवीतलं पाणी गढूळ आलं आणि घरातल्या सगळ्यांच्या नजरा सुनेकडे वळल्या.

हेडबाईंची मूत्रपिंडं निकामी होऊन दीड वर्ष झालं होतं. शाळेतून निवृत्त झाल्या तरी गल्ली त्यांना हेडबाईच म्हणायची. डायलिसिस घरीच चालायचं. पोटात बसवलेल्या नळीतून औषधी पाणी आत सोडायचं आणि काही तासांनी ते पिशवीत काढून घ्यायचं. टपाल कार्यालयातली नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळच्या पिशव्या सून बदलायची. दार बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले. दुपारची पिशवी मात्र हेडबाई स्वतःच बदलायच्या. बाहेर येणारं पाणी नितळ असायला हवं. त्या सकाळी ते साबणाच्या पाण्यासारखं आलं, पोटात कळा येऊ लागल्या, ताप चढला आणि त्यांना दवाखान्यात दाखल करावं लागलं.

"हात नीट धुतले नसतील तिनं," हेडबाईंची लेक दवाखान्यात पोचताच म्हणाली. "सारखी घाईत असते."

"मी धुतले होते, ताई."

"मग जंतू काय आभाळातून पडले?"

मुलगा खाली मान घालून बसला. हेडबाई दुखण्यानं बेजार होत्या, तरी बोलल्याच, "नोकरीच्या नादात माझ्याकडे लक्ष राहिलं नाही हिचं." सून उठून बाहेर गेली. परत आली तेव्हा तिचे हात घासून घासून लाल झाले होते.

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई जिना चढून स्वतःच वॉर्डात आल्या. हातात अहवाल, श्वास लागलेला आणि डोळे नुसते चमकत होते.

"जंतू सापडला! नाव पाश्चुरेला. वीस वर्षांच्या नोकरीत दुसऱ्यांदाच बघतेय मी हा. माणसाच्या हातावर सहसा नसतो तो. मांजराच्या तोंडात असतो. घरात मांजर आहे का?"

"छे," मुलगा म्हणाला. "आईला मांजराचं नावसुद्धा चालत नाही."

हेडबाईंनी नजर खिडकीकडे वळवली. दुपारी घर रिकामं असायचं. पोटातलं पाणी निथळेपर्यंत अर्धा तास एकटीनं खुर्चीत बसायचं, बोलायला कुणी नाही. गेल्या महिन्यापासून खिडकीतून एक लठ्ठ बोका यायला लागला होता. त्याला त्यांनी बोकोबा नाव ठेवलं होतं. त्याच्यासाठी त्या खिडकी उघडी ठेवायच्या. लोंबणाऱ्या नळीशी तो खेळायचा आणि त्या हसायच्या. चाळीस वर्षं मुलांना शिस्त लावलेल्या बाईनं हे कुणाला सांगायचं? आणि आता, लेकीसमोर, सुनेसमोर?

गप्प बसणं सोपं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते ओळखलं असावं. खुर्ची ओढून त्या जवळ बसल्या.

"बाई, मी रागवायला आले नाहीये, औषध ठरवायला आलेय. जंतू तपासायचे सोडून आपण माणसांना नावं ठेवत बसतो. नावं ठेवून एकही जंतू मरत नाही. त्याचं नाव कळलं की मात्र मरतो."

हेडबाईंनी सुनेच्या हातांकडे पाहिलं. बोटांच्या सांध्यांवर भेगा पडल्या होत्या.

"बोका येतो," त्या म्हणाल्या. "दुपारी. मीच घेते त्याला आत."

डॉक्टरीणबाईंनी नर्सला बोलावलं आणि दोघींनी नळी उजेडात धरली. इंच इंच पुढे सरकत नर्सचं बोट एके ठिकाणी थांबलं. टाचणीच्या टोकाएवढी दोन भोकं, त्यांतल्या एकातून पाण्याचा थेंब डोकावत होता. सगळे वाकून बघू लागले. तीन दिवसांचं कोडं तिथं सुटलं होतं.

"दाताच्या खुणा!" नर्स म्हणाली.

त्याच तासाला नळीचा बाहेरचा भाग बदलला आणि जंतूला नेमकं लागू पडणारं औषध सुरू झालं. दोन दिवसांत पाणी नितळ झालं. हेडबाईंनी सुनेला जवळ बोलावलं, मुलगा आणि लेक तिथंच होते.

"चूक माझी होती आणि बोल मी तुला लावला. माफ कर मला."

सून म्हणाली, "आई, बोका आत घेतल्याचं मला काही वाटत नाही. पण काय झालं असेल, हे मला कुणी विचारलंच नाही. जो तो मला माझी चूकच सांगत होता."

लेकीनं मान खाली घातली. मुलगा म्हणाला, "दुपारची पिशवी यापुढे मी बदलणार. जेवायच्या सुट्टीत घरी येईन. सगळं तुझ्यावर टाकून मी मोकळा झालो होतो."

बोकोबाला कुणी हाकललं नाही. तो आता अंगणात बसतो, पिशवीच्या वेळी खिडकी-दार बंद असतं आणि हेडबाई त्याला भेटल्या की हात धुतात.

वाचकहो, आपल्या घरात कुणी आजारी पडलं की आपणही असाच आधी दोषी शोधतो आणि बहुतेक वेळा सेवा करणाऱ्यालाच दोषी ठरवतो. त्या धाकानं बाकीचे खरं लपवतात आणि आजार मात्र वाढत जातो. ज्या घरात चूक न भिता सांगता येते, तिथंच औषध वेळेवर पोचतं. तेव्हा बोट दाखवण्याआधी प्रश्न विचारू या, आणि उत्तर पूर्ण ऐकू या.