त्या रविवारी त्याने लाथ घातली नाही

माझा नवरा इरेक खरोखर पडला, की उठून आधी मोटरसायकलला लाथ घालतो. हाड मोडलं असलं तरी लंगडत जाऊन घालतो. लग्नापासून मी सूर्यफुलाच्या बिया सोलत हा तमाशा बघते आहे. आमच्या गावात रविवारी चर्च, मग कोंबडीचं सूप, मग स्पीडवे, म्हणजे मातीच्या गोल ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यती. यात खंड नाही.

गेल्या रविवारी त्याने लाथ घातली नाही.

सामना बरोबरीत, शेवटची शर्यत. पाहुण्या संघाचा मार्सेल आतल्या बाजूने घुसला, इरेकचं मागचं चाक निसटलं आणि हा मातीत. मार्सेलचा धक्का लागला नव्हता. हलता येत असेल तर पडलेल्याने आतल्या गवतावर सरकायचं, हा शिरस्ता. पण आपणहून पडलेला शर्यतीतून बाद होतो. दुसऱ्याने पाडलं असं पंचाला वाटलं, तर तो दुसरा बाद आणि शर्यत पुन्हा. इरेकने मान उचलून पाहिलं आणि परत आडवा झाला.

मागून आमच्याच संघाचा टिमेक येत होता. इरेकनेच त्याला तयार केलेला. या गाड्यांना ब्रेक नसतात. वाटेत इरेक दिसल्यावर त्याने आपली गाडी आडवी टाकली आणि कुंपणावर जाऊन आदळला.

मार्सेल बाद झाला. शर्यत पुन्हा झाली, इरेक जिंकला. सोंग मला कळलं होतं, तरी घसा बसेपर्यंत मीही ओरडले. लाज वाटते, पण ओरडले.

दोन दिवसांनी टिमेकची आई, ग्राझिना, खसखशीचा केक घेऊन आली.

"माझ्या पोराने तुला वाचवलं रे, इरेक. त्याचा गुडघा आता वाकायचा नाही म्हणतात. पण तू धडधाकट आहेस, तेवढंच समाधान. खा."

इरेकने तुकडा तोंडात घातला. तो नुसता चघळत राहिला.

ती गेल्यावर मी बसक्या आवाजात म्हटलं, "तो केक मी कचऱ्यात टाकणार नाही आणि तुला खाऊही देणार नाही. आधी त्या पोराला सांग."

"तो माझं तोंड बघणार नाही, डोरोटा."

"मग नको बघू दे!"

हॉस्पिटलात टिमेक पाय टांगून पडला होता. इरेकने खाली बघत सगळं सांगितलं. मला वाटलं, पोरगं आता शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ठाऊक आहे, काका," टिमेक म्हणाला. "तुम्हीच तर शिकवलंत. हरत असलो तर पडल्यावर उठायचं नाही. मीही तेच केलं असतं."



"फक्त मान उचलायला नको होती," टिमेक म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही उठताय, बाजूला होताय. म्हणून मी गाडी टाकायला उशीर केला."

बाहेर आल्यावर इरेक आमच्या कारच्या चाकाला लाथा घालू लागला. लोक बघत होते, तरी थांबेना. "पुरे" म्हणायला मी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. माझा घसा अजून रविवारचाच बसलेला होता.