लाल खिडकी, हिरवी खिडकी

"वर 'खरा' लिहिलंय ना? अक्षर मुंगीएवढं केलंयस," डेसमंड साहेब लॅपटॉपच्या पडद्याला नाक लावून म्हणाले. "मोठं कर. आणि रंग बदलता येतात का गं? निळा-पिवळा ठेव."

लोसालिनीचा, आमच्या लोसाचा, हात थांबला. शेजारच्या टेबलावरून मी ते पाहिलं.

फिजीतल्या सुवाच्या धक्क्यावर आमची बोटींची कंपनी. बेटांवर जाणाऱ्या उतारूंची सगळी तिकिटं दूरच्या एका सर्व्हरवर असतात आणि त्याला हुकूम सोडायचे ते संगणकावरच्या टर्मिनल नावाच्या खिडकीतून. सर्व्हर दोन, एक खरा आणि एक सरावाचा. खिडक्या दिसायला सारख्या, म्हणून ऑफिसचा रिवाज असा की खऱ्याची खिडकी लाल, सरावाची हिरवी. पाच वर्षांपूर्वी ऐन नाताळात कुणीतरी सरावाचा समजून खराच पुसला. धक्क्यावर माणसं पोराबाळांसकट अडकली. खापर फुटलं लोसाच्या नवऱ्याच्या, इसिकेलीच्या डोक्यावर. तो तेव्हा जेवायला गेला होता, पण साहेबांनी छातीठोकपणे सांगितलं, 'मी त्याला टेबलावर पाहिलंय.' इसिकेली गावी जाऊन दालोचे कंद लावू लागला. कीबोर्डला त्यानं पुन्हा हात लावला नाही. गावात त्याला अजून 'बोटबुडव्या' म्हणतात.

लोसा नोकरीत राहिली. लोकांना वाटलं, पोटासाठी. ती डूख धरून बसली होती.

यंदा त्या खिडक्यांचा जुना प्रोग्राम बंद पडला आणि नवा निवडायचं काम तिच्याकडे आलं. एक फुकटचा होता, पण त्यात दर वेळी पत्ता नव्यानं टाकायचा. दुसरा म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तिसरा प्रत्येक सर्व्हरचा पत्ता, किल्ली आणि रंग लक्षात ठेवी. तो तिनं घेतला, सगळ्यांना बसवून दिला, आणि साहेबांच्या लॅपटॉपवर तेवढी अदलाबदल केली. खरा हिरवा, सरावाचा लाल. दर शुक्रवारी सरावाचा सर्व्हर साहेब स्वतः पुसून काढत. आज त्यांच्या हातून सगळ्यांदेखत खरा पुसला जावा, एवढीच तिची इच्छा होती. सकाळीच तिनं खऱ्याची नक्कल काढून ठेवली होती. वाटोळं तिला उतारूंचं करायचं नव्हतं, साहेबांचं करायचं होतं. हे सगळं तिनं मला भाजीची कृती सांगावी तसं सांगितलं. मी तिला अडवलं नाही. अडवावं असं वाटलंही नाही.

आणि आता साहेब हिरव्या खिडकीवर 'खरा' हे नाव वाचत होते आणि दचकत नव्हते.

लोसाच्या मामाला हिरव्या झाडावरची पिकलेली मिरची दिसत नसे. लाल-हिरवं त्याला एकच. तिला तोच आठवला असणार, कारण तिचा चेहराच बदलला. कोपऱ्यात चटईवर, शुक्रवारी सगळे मिळून पितात त्या यंगोना पेयाचं भांडं मांडलेलं होतं. सगळं ऑफिस वाटी घेऊन तिथं बसलेलं.

"साहेब," लोसा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तेवढी लाल खिडकी बंद करता?"

साहेबांनी नाव वाचलं आणि बिनदिक्कत 'खरा' लिहिलेली खिडकी बंद केली.

"ती हिरवी होती, साहेब."

वाटी फिरायची थांबली.

"त्या नाताळात खिडकीवर नाव नव्हतं. नुसता रंग होता," लोसा म्हणाली. "जुडी घेऊन घरी या. मला काही सांगू नका, इसिकेलीला सांगा."

आमच्याकडे मोठ्या चुकीची माफी नुसत्या तोंडानं मागत नाहीत. यंगोनाच्या मुळ्यांची जुडी पुढ्यात ठेवायची. समोरच्यानं ओंजळीची टाळी वाजवून ती घेतली की विषय मिटला.

रविवारी चर्चनंतर मीच त्यांना गाडीतून गावी नेलं. घरात लोकरी झालरीच्या दोन चटया अंथरल्या होत्या, एक लाल, एक हिरवी. लोसा दारातच उभी होती.

"पाहुण्यांनी लाल झालरीवर बसायचं," ती म्हणाली.

साहेब जुडी छातीशी धरून उभे राहिले. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. घामानं त्यांची कॉलर भिजली. मला, खरं सांगतो, बरं वाटत होतं.

इसिकेलीनं मातीनं भरलेल्या हातानं लाल चटई थोपटली. "इथं बसा."

साहेब बसले आणि सगळं बोलले. डोळ्यांपायी कप्तान होता आलं नाही, ही नोकरीही जाईल म्हणून लपवलं. त्या दुपारी इसिकेलीच्या टेबलावर तेच बसले होते, आणि खरा पुसला तो त्यांनीच. उद्या ऑफिसातही हेच सांगेन, असं म्हणाले.

इसिकेलीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्या दिवशी मला हाक मारायची होती," तो म्हणाला. "मी समोरच जेवत होतो. रंग सांगितला असता."

जुडी दोघांच्या मध्ये पडून होती. लोसा नवऱ्याच्या हातांकडे पाहत होती, मीही पाहत होतो. ते त्याच्या मांडीवर होते आणि मांडीवरच राहिले.