भट्टीच्या तोंडाशी

आमच्या बेकरीत भट्टीची धग मोजायला काटा कधीच नव्हता. हात भट्टीच्या तोंडात धरायचा आणि मनातल्या मनात प्रार्थनेची एक ओळ सावकाश म्हणायची. ओळ अर्ध्यावर असतानाच हात मागे घ्यावा लागला तर भट्टी फार तापलेली. ओळ संपूनही हात खुशाल आत राहिला तर अजून लाकूड हवं. शेवटच्या शब्दाला चटका बसला की पाव आत सरकवायचा. ही रीत सासऱ्यांची, ह्यांच्या वडिलांची. ह्यांनी ती अशी काही अंगात मुरवली होती की ह्यांच्या हातचा पाव करपलेला मी पाहिला नव्हता.

मग ह्यांच्या रक्तात जंतू पसरले. नळ्या, यंत्राचा श्वास, बेशुद्धी. काचेबाहेर उभी राहून मी तीच ओळ म्हणत असे. हे वाचले. घरी आले ते जिना बसत बसत चढून. येणारा-जाणारा म्हणायचा, मरणाच्या दारातून परतलेला माणूस सोन्यासारखा उजळतो. हे भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. एकदा पाहुणे गेल्यावर मला म्हणाले, "ते ज्याला भेटायला येतात, तो परत आलेलाच नाही. सांग ना त्यांना."

जीव अडकला होता तो भट्टीत. अंगात थोडी ताकद आल्यावर काठी टेकत खाली उतरले. धाकट्या दिरांनी स्टूल पुढे केलं. ह्यांनी बाही सारली, हात आत धरला, डोळे मिटले. ओठ हलत होते. ओळ पूर्ण झाली, तरी हात आतच.

"गार आहे रे," म्हणाले. "लाकूड टाक."

दीर लाकडाकडे वळले आणि मला केस जळाल्याचा वास आला. मी ह्यांचा हात खेचून बाहेर काढला. बोटांवर पांढरे फोड उठत होते. हे त्या बोटांकडे दुसऱ्या कुणाची वस्तू बघावी तसे बघत राहिले.

डॉक्टर म्हणाले, आजाराने बोटांच्या नसा गेल्यात, परत येतील किंवा येणारही नाहीत. दिरांनी विजेची भट्टी घ्यायचं ठरवलं. त्यांना दोष कसा देऊ? दुकान चालायला हवं. ह्यांनी एकच मागणं मागितलं: भट्टीत हात मी धरायचा, बाकी सगळं ह्यांनी करायचं, अशी एक खेप भाजू द्यावी. पाव नीट निघाला तर जुनी भट्टी राहील.

"वहिनी पाव भाजणार म्हणजे देवाला पीठ मळायला बसवावं लागेल," दीर हसले. मग भावाचा चेहरा बघून हो म्हणाले.

मी हात आत धरला. मनात ओळ म्हटली. संपली तरी चटका बसला नाही. तसं सांगितलं, लाकूड पडलं. पुन्हा तेच. पुन्हा लाकूड. तिसऱ्या वेळी शेवटच्या शब्दाला हात भाजला आणि आम्ही पाव आत सरकवले. बाहेर आले ते कोळशासारखे.

ह्यांनी मला ओळ मोठ्याने म्हणायला लावली. ऐकून म्हणाले, "इतक्या घाईनं?"

"दवाखान्यात अशीच म्हणायचे," मी म्हटलं. "सावकाश म्हणायचा धीरच होत नव्हता. वाटायचं, मधेच तुमचा श्वास थांबला तर?"

मग चाल दाखवायला हे स्वतः म्हणू लागले. ओळीच्या मध्यावर दम लागला. छाती धरून थांबले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडले.

दिरांनी एक पाव फोडला, बाजूला ठेवला. हलक्या आवाजात म्हणाले, "दादा, शनिवारी माणसं येतील भट्टी काढायला." ह्यांनी मान डोलावली.

विस्तव विझवला. दीर गेले. हे खाली फरशीवर बसले आणि भट्टीच्या विटांना पाठ टेकली. मी म्हटलं, वर चला, अंग दुखेल.

"थांब गं. पाठीला धग कळतेय."

मी शेजारी बसले. विटा निवत चालल्या होत्या. ह्यांनी विचारलं, विजेच्या भट्टीला पाठ टेकता येते का.