चाळीस वेळा पकडलेली मरळ

मित्रांनो, मी एक म्हातारी मरळ आहे. नगर जिल्ह्यात इंग्रजांच्या काळात दुष्काळी कामावर बांधलेलं एक तळं आहे, तिथे मी राहते. मरळ म्हणजे लांबट, काळसर, सापासारख्या डोक्याची मासळी. दिसायला मी काही देखणी नाही, हे मीच आधी सांगून टाकते. पण माणसांनी मला चाळीस वेळा गळाला लावून पाण्याबाहेर काढलं आहे, आणि त्यातल्या एकोणचाळीस वेळा मी तो गळ तोंडातसुद्धा घेतला नव्हता. बसा, सांगते.

माझं लहानपण बांधाच्या दगडांपाशी शेवाळात गेलं. आम्हा मरळींना एक खोड आहे. इतर मासे पाण्यातच श्वास घेतात, आम्हाला मात्र थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो. तसा घोट घ्यायला वर आले आणि भीमाच्या जाळ्यात सापडले. हे सत्तर सालच्या थंडीतलं. भीमा तळ्यावरचा होडीवाला. बाजार दोन दिवसांवर होता, तोवर जिवंत राहावी म्हणून त्याने मला शांतवन मास्तरांच्या बंगलीमागच्या हौदात सोडलं.

हे शांतवन मास्तर मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी तळ्याकाठी पत्र्याच्या दोन खोल्या घेतल्या, चुना मारला, पुढे पडवी काढली आणि पाहुण्यांना राहायला द्यायला सुरुवात केली. नगरचे, पुण्याचे, भिंगारच्या छावणीतले लोक दोन दिवस येत, भीमाच्या होडीत बसून गळ टाकत, आणि मार्थाबाईंच्या हातचं जेवून जात. मार्थाबाई म्हणजे मास्तरांची बायको.

त्या आठवड्यात श्रीरामपूरचे कापसाचे व्यापारी काकासाहेब आले होते. दोन दिवस गळ टाकून बसले, पण त्यांना साधं बोटभर मासाही लागला नाही. ते भारी रागावले. या तळ्यात मासा नाही हे आपण गावभर सांगू, असं म्हणाले. भीमाच्या तोंडचं पाणी पळालं. पाहुणे यायचे थांबले तर होडी कुणासाठी वल्हवायची?

तिसऱ्या सकाळी भीमाने मला ओल्या पोत्यात गुंडाळून होडीत फळीखाली ठेवलं. काकासाहेब डबा उघडून धपाटे खात असताना त्याने त्यांचा गळ हळूच माझ्या खालच्या ओठात अडकवला आणि मला पाण्यात सोडलं. मग ओरडला, साहेब, लागली! काय सांगू तुम्हाला त्या माणसाचा आनंद. धपाटा पाण्यात, टोपी पाण्यात, आणि मी होडीत. काठावर येऊन त्यांनी मला छातीशी धरून फोटो काढून घेतला. फोटो झाल्यावर भीमा अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, की इथे पहिली मरळ तळ्याला परत द्यायची रीत आहे. रीत कसली, थाप होती ती! काकासाहेबांनी हात जोडून मला परत दिलं, आणि भीमाने तळ्यात सोडल्यासारखं करून मला होडीमागे बांधलेल्या जाळीच्या पिशवीत घेतलं. संध्याकाळी मी पुन्हा हौदात.

झालं. एकदा जमलं म्हटल्यावर भीमा सोडतो काय? ज्या पाहुण्याला मासा लागला नाही, त्याला मी लागायचे. सुभेदार झाले, वकील झाले, एक नवरानवरीची जोडी झाली. प्रत्येकजण मला धरून असा उभा राही, की जणू वाघ मारला. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ओठ बरा व्हायच्या आत पुन्हा फाटायचा.

पण मित्रांनो, गळापेक्षा वाईट तो हौद होता. कपडे धुवायचा सिमेंटचा हौद. तोंड एका भिंतीला लागलं की शेपटी दुसऱ्या भिंतीला लागे. उन्हात पाणी तापायचं. वर हवा घ्यायला आले की दिसायचं काय, तर पत्रा आणि मार्थाबाईंची वाळत घातलेली लुगडी. मार्थाबाई बिचाऱ्या भाकरीचा चुरा टाकत. त्यांना सगळं ठाऊक होतं, पण भीमाच्या घरची चूल कशावर पेटते हेही ठाऊक होतं, म्हणून गप्प राहिल्या. पन्नास पावलांवर तळं होतं. वारा आला की त्याचा वास यायचा. त्या वासाने मी वेडीपिशी व्हायचे, भिंतींना डोकं आपटायचे आणि मग दमून तळाशी पडून राहायचे. सव्वा वर्ष मी असं काढलं.

मास्तरांना यातलं काहीच माहीत नव्हतं, हे ऐकून तुम्ही हसाल. त्यांना वाटायचं, आपल्या तळ्यात मोठाल्या मरळी मोप आहेत. पाहुण्यांनी पाठवलेले फोटो ते पडवीच्या भिंतीवर ओळीने लावत आणि नव्या पाहुण्याला अभिमानाने दाखवत.

एकदा भिंगारच्या दवाखान्यातली दया नावाची नर्स भावाबरोबर आली. चहाचा कप हातात घेऊन ती फोटो बघत राहिली. एकेका फोटोपाशी वाकून पाहिलं. मग तिने मास्तरांना बोलावलं. जखमा शिवण्यात तिचा जन्म गेला होता, तिची नजर फसणार कशी?

"मास्तर," ती म्हणाली, "सगळ्या फोटोंत खालचा ओठ डावीकडेच फाटलेला आहे. नव्या फोटोत जास्त, जुन्यात कमी. ही एकच मरळ आहे हो."

मास्तरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. मग ते सरळ मागे हौदापाशी आले. मला पाहून त्यांचा चेहरा असा उतरला, की क्षणभर मलाच त्यांची कीव आली. भीमाला बोलावणं गेलं. तो म्हणाला की ही गेली तर पाहुणे येणार नाहीत. नाही आले तर नाही आले, असं मास्तर म्हणाले. सगळ्या पाहुण्यांना पत्र लिहून खरं सांगायचं त्यांच्या मनात होतं, पण भीमाने पाय धरले तेव्हा तेवढं त्यांनी सोडलं. फोटो मात्र उतरवले. मग मास्तरांनी मला बादलीत घेतलं, स्वतः बादली उचलली, धोतर भिजवत ते गुडघाभर चिखलात उतरले आणि त्यांनी मला तळ्यात सोडलं. कुणी ऐकू नये इतक्या हळू ते मला "चुकलं" म्हणाले.

पाणी अंगाला लागलं आणि मी जी सुटले! पण सवय मोडवत नव्हती. कितीतरी दिवस मी हौदाएवढ्याच जागेत वळत होते.

पुढे बहात्तर सालचा पावसाळा आला. पाऊस दोनदा शिंतडून गेला तो गेलाच. तळं आटत आटत मधल्या डोहाएवढं उरलं. शेवाळ गेलं, लपायला दगड राहिला नाही. भीमा दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागला. अशा वेळी मला पिलं झाली. मरळीची पिलं लालभडक असतात, आणि शेकड्यांनी एकत्र पाण्यावर तरंगतात. वरून पाहिलं तर पाण्यावर कुणी कुंकू सांडलंय असं वाटावं. ती वर आणि मी त्यांच्या खाली. पाणकावळा आला की मी उसळी मारायची. न खाता, न झोपता हेच चाललं होतं.

आणि काकासाहेब पुन्हा आले. त्यांचा तो फोटो काच लावून दुकानात टांगलेला होता, आता त्यांना दुसरा हवा होता. भीमाने खडीचं काम एक दिवस चुकवलं. वल्ह्याचा आवाज मी लांबून ओळखला. भीमाने पिलांची ती लाली पाहिली, खाली त्यांची आई असणारच हे ओळखलं आणि साहेबांना म्हणाला, तिथं टाका. गळाला लावलेली बेडकी माझ्या पिलांच्या मधोमध येऊन पडली.

मित्रांनो, मला कळत होतं. गळाचं टोक दिसत होतं, वर दोरी दिसत होती, दोरीच्या टोकाला कोण बसलंय तेही ठाऊक होतं. मी बाजूला झाले असते तर कुणी मला शिवलं नसतं. पण ती बेडकी पिलांत पाय मारत होती, आणि पिलं उधळत होती. मी जाऊन तोंडात धरली.

काकासाहेब आनंदाने ओरडले. या वेळी परत बिरत द्यायची नाही, मार्थाबाईंकडून कालवण करून घ्यायचं, असं म्हणाले. भीमाने मला हातात घेतलं, ओठ पाहिला आणि त्याचे हात थांबले. त्याने खाली पाण्यात उधळलेल्या पिलांकडे पाहिलं.

"साहेब," तो म्हणाला, "ही तीच हाय. त्या साली तुमी न्हवती पकडली. मीच गळाला लावली हुती."

काकासाहेबांचा चेहरा पडला. त्यांनी विचारलं, "मग आज?"

"आज बी न्हाई. ही खायाला आलीच न्हवती. पिलांपायी तिनं आपनहून तोंड दिलं."

इतकं बोलून भीमा मान खाली घालून बसला. हे ऐकल्यावर काकासाहेब पुन्हा कधी येणार नाहीत, इतरांनाही येऊ देणार नाहीत, हे त्याला कळत होतं. काकासाहेबांनी वाकून माझा फाटका ओठ पाहिला. मग त्यांनी आपल्या हाताने गळ काढला आणि मला पाण्यात सोडलं. मला वाटतं दोघांनाही बरं वाटलं असावं.

मी खाली आले तेव्हा पाणकावळे पोट भरून उडत होते. निम्म्याहून जास्त पिलं गेली होती. उरलेली चिखलापाशी विखुरली होती. ती गोळा करत मी संध्याकाळपर्यंत फिरत राहिले.

तर मित्रांनो, तुम्ही हौसेने मासे धराल, आणि दया येऊन परत सोडालही. सोडलं म्हणजे सगळं होतं तसं झालं, असं समजू नका. मी वर होते तेवढ्या वेळात खाली त्यांच्यापाशी कुणीच नव्हतं. म्हणून एवढं माझं ऐका. पाण्यावर लाल पिलांचा घोळका दिसला, तर दोरी गुंडाळा आणि होडी दुसरीकडे घ्या. तिथे गळ टाकलात तर मासा हमखास लागेल. म्हणूनच टाकू नका.