माझ्या नावापुढचे दोन कंस

मित्रांनो, मी एक जुनी यादी आहे. कागदावरची नव्हे, संगणकाच्या पडद्यावरची. माझ्यावर बोट टेकवलं की माझी घडी उलगडते. मग हवी तेवढी नावं निवडायची आणि 'पाठवा' दाबायचं. जाणती माणसं मला ड्रॉपडाऊन म्हणतात. माझ्यामुळे एक बहीण भावाच्या मरणाला आली नाही, असा माझ्यावर आळ आहे. माझी बाजू आजवर कुणी विचारली नाही, म्हणून मीच सांगते.

माझा जन्म टोंगा या बेटांच्या देशात, राजधानी नुकुअलोफातल्या एका छोट्या रेडिओच्या निरोपघरात झाला. आजारपण, लग्न, मयत, काहीही असो, माणसं इथे येऊन निरोप देतात आणि तो रेडिओवर बेटाचं नाव घेऊन तीन दिवस वाचला जातो. मला घडवलं इसाया नावाच्या प्रोग्रामरने. पण नावांचा क्रम लावून दिला तो निरोपघरात तीस वर्षं घालवलेल्या लोसालिनेबाईंनी.

"मावशी, अक्षरांप्रमाणे लावतो ना," इसाया म्हणाला.

"अक्षरांना बोट पकडायची असते का रे? लांबचं बेट वर घाल. त्यांना आधी कळलं तर ते वेळेवर पोचतील."

म्हणून माझ्यात सगळ्यात वर निउआफोऊ आहे, मग निउआतोपुतापु, वावाऊ, हापाई, एउआ, आणि तळाशी आमचं टोंगाटापू. मला या क्रमाचा फार अभिमान होता. तोच पुढे घात करणार, हे तेव्हा मला काय ठाऊक!

आता माझ्यातली खोट सांगते. निवडलेली बेटं मी सर्व्हरकडे पाठवते, आणि प्रत्येक बेट माझंच नाव लावून जातं. सर्व्हर एका नावाला एकच जागा देतो. पहिलं बेट आलं की त्याला बसवतो. दुसरं त्याच नावाने आलं की पहिल्याला उठवून हाकलतो. शेवटी जे येईल तेवढंच उरतं. माझ्या नावापुढे रिकाम्या चौकोनी कंसांची एक जोडी लिहिली असती, तर पुष्कळ पाहुणे येणार आहेत हे त्याला कळलं असतं, आणि त्याने सगळ्यांसाठी चटई अंथरली असती. इसायाने ते कंस लिहिले नाहीत. तपासताना त्याने एकच बेट निवडलं, ते नीट पोचलं, आणि तो जेवायला निघून गेला.

दोन वर्षं माझं कौतुक झालं. बहुतेक लोक एकच बेट निवडत, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. ज्यांची माणसं आली नाहीत त्यांनी समुद्राला दोष दिला.

मग एका सोमवारी सेमिसी आला. त्याचे वडील, हेनेले, दवाखान्यात अखेरच्या घटका मोजत होते.

"मावशी, वावाऊला आत्या, हापाईला आईची माणसं, एउआला माझा भाऊ. तिन्हीकडे सांगा. आत्या तर आलीच पाहिजे. बाबा सारखे तिचंच नाव घेताहेत."

थोरली बहीण उशाशी बसल्याशिवाय आमच्याकडे भावाची मयत पुरी होत नाही. आणि तिला बोलावणं फोनवर कानात सांगून चालत नाही. सगळ्या गावाला ऐकू जाईल असं पुकारावं लागतं. लोसालिनेबाईंनी माझ्यातली ती तिन्ही नावं निवडली. मी तिन्ही पाठवली, मित्रांनो, अगदी शपथेवर सांगते. सर्व्हरने वावाऊला उठवलं, हापाईला उठवलं आणि एउआ ठेवलं. पडद्यावर उत्तर आलं, 'निरोप मिळाला'. इतकं निर्लज्ज वाक्य मी दुसरं पाहिलेलं नाही.

एउआचा भाऊ दुसऱ्या दिवशी हजर झाला, म्हणून कुणाला शंका आली नाही. शुक्रवारी वावाऊची बोट लागली. सेमिसी धक्क्यावर शेवटचा माणूस उतरेपर्यंत उभा राहिला. आत्या नव्हती.

"आली का रे कालोलाइने?" हेनेलेंनी विचारलं.

"येतेय, बाबा. वाटेत आहे."

शनिवारी ते गेले. घरच्यांनी मंगळवारपर्यंत वाट पाहिली, आणि उशाची जागा रिकामी ठेवूनच त्यांना पुरलं.

त्यानंतर सेमिसी निरोपघरात आला तो तणतणतच. "आत्याचा निरोप आलाय, आम्ही तिला बोलावलंच नाही म्हणून! तुम्ही वावाऊ वाचलंच नाही?"

लोसालिनेबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी इसायाला बोलावलं. त्याने माझा कोड उघडून वाचला आणि मान खाजवली.

"दोन कंस राहिले, मावशी. एवढंच."

"एवढंच?" लोसालिनेबाई म्हणाल्या. "जा, त्या पोराच्या तोंडावर सांग, एवढंच म्हणून."

तो गेला नाही. त्याने कंस लिहिले. मिनिटभराचं काम होतं. तेव्हापासून माझी सगळी बेटं पोचतात. मला मात्र त्या मिनिटाची आजही चीड येते.

चार महिन्यांनी कालोलाइने स्वतः आल्या. भावाची कबर पाहून थेट निरोपघरात.

"मी ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "एउआचा निरोप आमच्या रेडिओवरही लागतो ना. माझा भाऊ आजारी, आणि बोलावणं एउआला! तीन संध्याकाळी कमरेला मानाची चटई बांधून निघायच्या तयारीत बसले, आता माझ्या गावाचं नाव घेतील म्हणून. मग सोडली चटई. न बोलावता जाऊन माझा मान मीच घालवू?"

"त्यांनी तुमचंच गाव आधी सांगितलं होतं हो," लोसालिनेबाई म्हणाल्या. "यंत्राने खाल्लं ते."

"तू म्हणतेस तर असेल. पण दाखव मला. माझं वावाऊ कुठे लिहिलंय?"

लोसालिनेबाईंनी जुनी नोंद उघडली. तिथे एउआ होतं, एकटंच. मित्रांनो, कंस नंतर लावता येतात, पण जे कधी ठेवलंच नाही ते परत काढता येत नाही. त्या दिवशी वावाऊ सगळ्यात आधी निघालं होतं, हे फक्त मला माहीत आहे, आणि मला बोलता येत नाही.

कालोलाइनेंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "बरं, माझा एक निरोप घे. हेनेलेला सांग, मी चटई बांधली होती. तो गेलाय ते ठिकाण आहे का गं तुझ्या यादीत?"

लोसालिनेबाईंनी खरोखरच माझी घडी उलगडली आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. माझ्यात सहाच नावं आहेत.

मित्रांनो, तुम्हीही उद्या माझ्यासारख्या याद्या घडवाल. तपासताना एक नाव निवडून जेवायला उठू नका. तीन निवडा, आणि पलीकडे जाऊन मोजा, तिन्ही पोचली का.