बिलावरचा पेंटियम

नांदूरघाटच्या चारा छावणीत दोन दिवस दावणीला काडी पडली नव्हती. तिसऱ्या दिवशी उसाच्या वाढ्यांचे, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याचे, तीन ट्रक आले आणि वजनकाट्यापाशीच अडकून पडले. छावणी सहकारी सोसायटीची. संगणकावर वजन उमटल्याशिवाय एक पेंढी खाली उतरायची नाही, असा तपासणी अधिकाऱ्याचा हुकूम होता. आणि काट्याची वायर संगणकाला जिथं जोडत, तो भाग आठवड्यापूर्वी विजेच्या झटक्यानं जळाला होता. नवं कार्ड बसवलं, तर संगणकातली जुनी लिनक्स प्रणाली त्याला ओळखेना.

ते काम केसरकडे आलं. ऊसतोड्यांची ही लेक केजच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. लिनक्सचा कर्नल, म्हणजे यंत्र आतून चालवणारा मूळ प्रोग्राम, नव्या कार्डासकट पुन्हा बांधायला हवा, हे तिनं ओळखलं. आदल्या दिवशी क्लासातल्या मशीनवर तो बांधून तिनं फ्लॉपीवर आणला होता.

फ्लॉपी घातली, मशीन चालू केलं. कर्नल सुरू होत असल्याची एक ओळ उमटली आणि पडदा तिथंच गोठला.

"आपला काळा बैल सकाळपासून खाली बसलाय," तिची आई भिवराबाई दारातून म्हणाली. "उठवूनबी उठंना. लई वेळ हाय का गं?"

ट्रकवाले अर्जुनराव मागंच उभे होते. "तीनपर्यंत थांबतो," ते म्हणाले. "मंग गाड्या चकलांब्याच्या छावणीला वळवतो. तिथंबी जनावरंच हायेत."

तिनं मशीन बंद करून जुना कर्नल चालू केला. तो ठेवून दिला होता हे बरं झालं. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कर्नल बांधताना संगणक पहिल्यांदा विचारतो, प्रोसेसर कोणता? क्लासातलं मशीन पेंटियम थ्री, म्हणून तिनं सवयीनं तेच निवडलं होतं. पण कर्नल चालणार होता छावणीतल्या या मशीनवर, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"काका, ही मशीन कोणती?" तिनं सोसायटीचे चेअरमन विठ्ठलरावांना विचारलं.

"पेंटियम. बिलावर लिवलंय."

केसरनं मशीनलाच विचारलं. पडद्यावर ओळी आल्या. तिनं त्या दोनदा वाचल्या आणि कागदावर जशाच्या तशा उतरवून घेतल्या.

"काका, ही ४८६ हाय. पेंटियमच्या आधीची, लई जुनी. पेंटियमचा कर्नल हिच्यावर चालत न्हाई."

बाहेर खिडकीशी वीसएक माणसं उभी होती. विठ्ठलरावांचा चेहरा उतरला. मशीनची खरेदी त्यांनीच केली होती. "चार लोकांत मला खोटं पाडती काय? बिल काढून दाखवू?"

"बिल बघून मशीन चालत न्हाई, काका." मग तिनं आवाज खाली आणला. "पहिली चूक माझी हाय. मी न बघता उत्तर दिलं. आता तुमच्या बिलाकडं बघून दिलं, तर परत असंच हुईल. क्लासातल्या मशीनवर जाऊन नवा बांधाया लागंल."

विठ्ठलरावांनी जीपची किल्ली उचलली. "चल. केजला दोन वाजता लाईट जाती."

क्लासात पोचायला सव्वा वाजला. केसरनं प्रोसेसरच्या यादीत ४८६ निवडलं. पुढचे प्रश्न ती भराभर ओलांडत गेली आणि एका प्रश्नावर बोट थांबलं. चिपमध्ये आकडेमोडीचा वेगळा भाग नसेल, तर त्याची नक्कल कर्नलमध्ये घालायची का? इथं ती नेहमी 'नाही' म्हणायची. तिनं खिशातला कागद काढला. उतरवलेल्या एका ओळीत होतं, आकडेमोडीचा भाग: नाही.

"काय झालं?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"परत तेच करणार होते." तिनं 'हो' केलं.

मशीन कामाला लागलं. ओळींमागून ओळी सरकत होत्या. विठ्ठलराव भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत उभे होते, बसा म्हटलं तरी बसेनात. दोनला सात मिनिटं असताना कर्नल तयार झाला. फ्लॉपीचा दिवा विझला तशी केसरनं ती उपसून घेतली. ते जीपपाशी पोचेपर्यंत क्लासातले पंखे बंद पडले होते.

नांदूरघाटला आले तेव्हा पहिल्या ट्रकचं इंजिन सुरू झालेलं होतं. विठ्ठलराव जीपमधून उतरून सरळ ट्रकसमोर जाऊन उभे राहिले. "पाच मिनटं, अर्जुनराव. हात जोडतो."

केसरनं मशीन चालू केलं. ती ओळ उमटली. सकाळी इथंच सगळं थांबलं होतं. खाली दुसरी ओळ आली, तिसरी आली, मग धडाधड पडदा भरला आणि त्यात नव्या कार्डाचं नाव दिसलं. ट्रक काट्यावर चढला. नऊ टन दोनशे चाळीस किलो.

खिडकीतून कुणीतरी ओरडलं आणि माणसं ट्रककडे पळाली.

काळा बैल बसल्या जागीच वाढं खाऊ लागला. दिवस मावळायच्या आत उभा राहिला. छावणीतल्याच म्हाळूची गाय मात्र दुपारीच गेली होती. केसर त्याच्यापाशी बराच वेळ बसली. काल नीट बघितलं असतं तर, एवढंच ती म्हणाली. म्हाळूनं मान हलवली.

सोमवारच्या सभेत विठ्ठलराव आपण होऊन उठले. "मशीन मी घेतली. पेटी उघडून बघितली न्हाई," ते म्हणाले. "इथून पुढं जे काय घ्यायचं, ते आधी केसर बघंल." आणि कुणी काही बोलायच्या आत खाली बसले.