पिठावरची रेघ

अनिता रडली नाही, ही गोष्ट गावात तिच्या नवऱ्याच्या मरणाहून जास्त चघळली गेली. बायांना तरी दुसरा काय उद्योग! प्रदीप लोणावळ्याला चिक्कीच्या कारखान्यात कामाला. एके दिवशी घरी आला, खांद्यावरची पिशवी टाकून उंबऱ्यातच बसला, "पाणी दे" म्हणाला आणि पाणी यायच्या आत गेला. अनिता भरला तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. आता खरं सांगायचं तर दोन महिने झाले तरी ती तशीच उभी होती. शाळेत पोरांची खिचडी शिजवायची, घरी येऊन सासूचे पाय चेपायची, कुणी बोललं तर "बरं" म्हणायची. भाजीत मीठ नसलं तरी तिला कळायचं नाही.

दहाव्याच्या आदल्या सांजेला रीतीप्रमाणे प्रदीपला ठेवलेल्या जागी दिवा लावला होता. भोवती तांदळाचं पीठ चाळून पसरलं आणि वर टोपली पालथी घातली. सकाळी टोपली उचलायची, पिठावर कुणाची पावलं उमटलीत ते बघायचं, म्हणजे गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला ते कळतं. कुणाच्या घरी चिमणीचा पाय उमटतो, कुणाच्या घरी मांजराचा. सासूनं, म्हणजे शालूबाईंनी, टोपली उचलली तर पिठातून मुंग्यांची बारीक रेघ गेलेली.

"मुंगी झाला गं माझा लेक," शालूबाई म्हणाल्या.

"चांगलं झालं बाई," शेजारीण म्हणाली. "कष्टाचा जीव, कष्टाच्याच जातीत गेला."

तेव्हापासून त्या घरात मुंगी मारायची नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे कुणी बोललं नाही, पण झालं तसं. अनिता केर काढताना ती रेघ सोडून केर काढायची. येता-जाता पाय लांब टाकायची. शालूबाई रोज रेघेच्या कडेला चिमूटभर पीठ टाकायच्या. कधी कुणी नसलं की खाली बसून बघायची आणि पुटपुटायची, "आज उशीर झाला व्हय तुमाला?" दिवसभरात मनापासून बोललेलं तेवढंच.

मग पवन आला. पवन तिचा थोरला, तळेगावला कंपनीत आणि तिथंच खोली करून राहणारा. त्याची बायको रुपाली माहेरी बाळंत झाली होती आणि रविवारी तान्ह्या लेकीला घेऊन ती पहिल्यांदा घरी यायची होती. पवननं जमिनीवरची काळी रेघ बघितली आणि त्याचं डोकं फिरलं.

"आई, हे काय गं! बाळाला खाली निजवायचं कुठं? डसल्या तर? शनिवारी माणूस आणतो आणि सगळ्या घरात औषध मारून घेतो. नाहीतर रुपालीला इकडं आणायलाच नको."

बापाला औषध मारणार हा? अनिताच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण नातीला मुंग्यांत निजवायचं तरी कसं? एकीकडं तो, एकीकडं ती इवलीशी पोर.

"बरं," ती म्हणाली.

शालूबाई खाटेवर बसल्या होत्या. त्या मुंग्यांकडं नाही, अनिताकडं बघत होत्या.

त्याच आठवड्यात शाळेत पुण्याहून रेणुकाताई आल्या. किड्यामुंग्यांवर शिकलेल्या, पायात बूट, आवाज खणखणीत. शाळेच्या कोठीत झुरळं झाली होती आणि इतके दिवस तिथं शेतातल्या भातावर मारून उरलेलं औषध शिंपडून वेळ भागवली जायची. ते ऐकून ताईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, तिथंच मुलांचा तांदूळ ठेवता ना? साप साप म्हणून भुई धोपटू नका. कीड हौसेनं येत नाही, तिला काहीतरी मिळतंय म्हणून येते. काय मिळतंय ते शोधा, ते उचला, वाट बुजवा. औषध सगळ्यात शेवटी, तेही चिमूटभर, मुलांचा हात पोचणार नाही तिथं."

"पन शोधायचं कसं?" अनितानं विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं, झालं.

"या, दाखवते." ताईंनी कोठीचं दार उघडलं. "काल शाळा सुटल्यावर मी भिंतीच्या कडेनं पीठ भुरभुरवून ठेवलं होतं. बघा आता, कोण कुठून कुठं गेलंय ते."

जमिनीवर पांढरं पीठ आणि पिठावर पावलं. बाकीच्या बाया वाकून वाकून बघत होत्या, झुरळांचा माग सिलिंडरमागच्या ओल्या गोणपाटाकडं गेलेला दिसत होता. एका कोपऱ्यात मुंग्यांचीही रेघ होती. अनिताला तेवढीच दिसत होती.

"ताई, मुंगी पिठावर येती ती कशापायी?"

"पिठासाठी नाही हो मावशी. पीठ आपलं तिच्या वाटेत आलं. रेघेच्या एका टोकाला बीळ असतं, दुसऱ्या टोकाला खाऊ. दोन्ही टोकं सापडली की काम झालं. मारायचीसुद्धा गरज नाही."

मारायची गरज नाही, एवढं एकच वाक्य घेऊन अनिता घरी आली.

लुगडं खोचून ती रेघेमागं लागली. एक टोक लगेच सापडलं, ओट्याखालच्या फटीत. दुसरं दिव्याच्या जागेवरून सरळ पुढं गेलं, भिंतीला लागलं, वर चढलं आणि दारामागच्या खुंटीला टांगलेल्या घोंगडीत शिरलं. तिनं घोंगडी उचलली. तिच्याखाली त्याच खुंटीला प्रदीपची पिशवी होती. डबा, पंचा आणि कागदात बांधलेला चिक्कीचा चुरा. कारखान्यात मोडलेली चिक्की तो रोज आणायचा. कागद मुंग्यांनी नुसता काळा झाला होता.

गूळ तिथं मुंग्या. शेंबडं पोरही सांगेल.

म्हणजे तो मुंगी झालाच नव्हता. मग दोन महिने आपण बोललो कुणाशी? तिला वाटलं, आता तरी रडू येईल. आलं नाही. ती उठली, चुरा नेऊन परसातल्या फणसाखाली दूर ठेवला, साबणाच्या पाण्यानं भिंत न् जमीन पुसली आणि कोनाड्यातलं उरलेलं सिमेंट कालवून फट लिंपून टाकली. उरल्यासुरल्या मुंग्या थोडा वेळ घोटाळल्या आणि दारातून निघून गेल्या. पवनला फोन करून सांगितलं, "औषधवाला नगं. बाळाला घिऊन या."

आता म्हातारीला काय सांगायचं? तिचा लेक आपण घराबाहेर काढला, असंच तिला वाटणार. अनिता खाटेजवळ जाऊन बसली.

"आत्याबाई, त्यांच्या पिशवीत चिक्की व्हती. मुंग्या तिच्यापायी येत व्हत्या."

"ठावं हाय," शालूबाई म्हणाल्या.

"ठावं हाय?"

"पिशवी मीच टांगली तितं. टोपली घालायच्या आदी. बीळ हिकडं, पिशवी तिकडं, मंदी पीठ. रेघ उमटायचीच."

"आवं, पन कशापायी?"

"पिठावर काय बी उमटलं नसतं तर?" म्हातारीनं तिच्या हातावर हात ठेवला. "तू रडंना, बोलंना. तांब्या धरून हुबी ऱ्हायलीस ती ऱ्हायलीस. म्या म्हनलं, ह्या पोरीला घरात कायतरी हलताना दिसू दे. लेक तर गेला. सून बी गेली असती तर म्या काय केलं असतं गं?"

"आन् तुमी? तुमी बी पीठ टाकत व्हता की रोज!"

"तू बघत व्हतीस म्हनून," शालूबाई म्हणाल्या. "घसा सुकला बग. पानी दे जरा."

अनिता आत गेली. तांब्या भरला आणि आणून सासूच्या हातात दिला. शालूबाई तो वर करून घटाघटा पाणी प्यायल्या, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत, आणि त्यांनी रिकामा तांब्या परत दिला.

तो रिकामा तांब्या हातात आला आणि अनिताला रडू फुटलं.